दिवा बंद करून

सगळे ज्यांना काका म्हणत, ते आमच्या दिल्लीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. लोह मिसळलेल्या ऑक्साइडचा पातळ थर ते काचेवर चढवत. ती काच पाण्यात बुडवून आम्ही तिच्यावर प्रकाश सोडायचो आणि पाण्यातून हायड्रोजन निघतो का ते पाहायचो. प्रकाशामुळे जितका करंट वाहील, तितका हायड्रोजन निघणार. काका कमी बोलत. थर वाळेपर्यंत काचेजवळ कुणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

एका काचेने भरपूर करंट दिला. माझी पीएचडी आणि गुडगावच्या नव्या कंपनीतली नोकरी त्या आकड्यावर ठरणार होती. माझे मार्गदर्शक सर ज्या दिवशी पेपर छापायला पाठवणार होते, त्या सकाळी काका सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, नका पाठवू. मी आज दिवा बंद करून मोजलं, तरी तेवढाच करंट आला. जोडणीवरचा माझा लेप सुटलाय. तांब्याची तार पाण्याला लागलीये, करंट तिचाच आहे, प्रकाशाचा नाही."

नोकरी गेली. पीएचडी दोन वर्षं लांबली. महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. शेवटी विचारलं, "काका, गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "पण तो आकडा खरा मानून दुसरं कुणीतरी राबत बसलं असतं."

मी माझा डबा उचलला आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसलो.