मे महिन्यातला पंचनामा

ती घटना विसरलो असतो तर बरं झालं असतं. पोलिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊनही ती सुटलेली नाही.

तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरच्या मागे दलदल होती. एका कंपनीने तिथे भराव टाकून भिंत बांधली. ऐन पावसाळ्यात ती भिंत कुणीतरी फोडली. चहावाल्याकडून टीप मिळाली, की चटयांचं गवत कापणारा म्हातारा पहार घेऊन जाताना दिसला. दुपारी त्याला उचलला.

त्याने काहीच नाकारलं नाही. "पाणी घरात शिरलं साहेब. त्याची जागा तुम्ही अडवलीत, ते जाणार कुठे?"

"तिथे पाणी नसतं. मी स्वतः पाहिलंय."

"कधी?"

"मे महिन्यात."

म्हातारा हसला. "मे महिन्यात माझी विहीरपण नसते."

हवालदारही हसला. मी नाही. अतिक्रमणाच्या एका जुन्या तक्रारीत मीच पंचनामा केला होता: 'जागा कोरडी, पाण्याची खूण नाही.' कंपनी आता तोच कागद पुढे करत होती.

आठवड्याने एक तरुण मुलगी स्टेशनला आली. दलदलीचे नकाशे करणारी, पुण्याकडची. म्हाताऱ्याची लेक तिच्या ऑफिसात झाडलोट करायची. नेमप्लेटवरचं मराठी आडनाव वाचून ती मराठीत बोलू लागली.

"सर, तुम्ही आपलेच की."

"तंजावरचे. आमची मराठी जुनी आहे, सांभाळून घ्या."

तिने टेबलावर चित्रं मांडली. विमानातून काढलेले जुने काळेपांढरे फोटो, मग उपग्रहाची, वर्षामागून वर्ष. पावसानंतरच्या प्रत्येक चित्रात भिंतीच्या जागी पाणी होतं. काठ दरवर्षी आत सरकत होता, एवढंच.

"उन्हाळ्यातलं एकच चित्र बघून कोरडं म्हणायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. हा पंचनामा कुणी केला, सर?"

तिच्या हातातल्या प्रतीवरची सही पुसट होती.

"पाहतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर चित्रं पाकिटात घातली, पाकीट कपाटात. चार्जशीटला जोडली नाहीत. जोडली असती तर माझी चौकशी लागली असती आणि बढती तोंडावर होती. साक्षीत मी पंचनामा वाचून दाखवला. म्हाताऱ्याला शिक्षा झाली. बढतीही मिळाली.

एका भेटीने जागा कळत नाही, माणूसही कळत नाही. हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवत असे. कुठे शिकलो, ते सांगत नसे.

गेल्या वर्षी म्हाताऱ्याकडे गेलो. तो दारात बसून पाय चोळत होता. मी सगळं सांगितलं, पाकिटासकट. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे कोर्टात सांगायचं होतं," तो म्हणाला, आणि लेकीला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

हे सांगायला कोर्टात मी अजूनही गेलेलो नाही. इथे लिहायला शपथ घ्यावी लागत नाही.