साडूंचा पाण्यातला फाळ

जगातली कुठलीही अडचण वेल्डिंगनं सुटते, यावर आमच्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. कळंबला त्यांचं नांगर-ट्रॉल्यांचं वर्कशॉप आहे. हलकी वस्तू त्यांना बघवत नाही. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी लोखंडी पाट दिला. त्यावर बसायला पाहुणे मिळतात, उचलायला मिळत नाहीत. "वस्तू जड असली की शेजारी मागायला येत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

असा माणूस नाव बांधायला निघाला तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला. पण कारण ऐकल्यावर कुणाला हसवेना. आमची सासुरवाडी धरणाच्या पलीकडच्या काठाला. फेऱ्यानं जाणारा रस्ता सगळा खड्ड्यांचा आणि आक्कांचा, म्हणजे साडूंच्या बायकोचा, मणका दुखावलेला. वर्ष झालं, त्यांना आईचं तोंड दिसलं नव्हतं. "पाण्यात खड्डे नसतेत," साडू म्हणाले, "आन् इंजिनबी नको, ते हादरतंय. शीड लावू."

शिडाच्या नावेच्या पोटाखाली एक जड लोखंडी पातं उभं बसवावं लागतं, नाहीतर वाऱ्यानं नाव कलंडते. त्याला कील म्हणतात. साडूंनी मोबाईलवर बघून जाड प्लेट कापली, तापवली, ठोकली, मनाजोगी जड केली आणि शेवटपर्यंत तिला फाळच म्हटलं.

नाव पाण्यात सोडायच्या दिवशी आक्का आईसाठी धपाटी आणि शेंगाची चटणी बांधून काठावर येऊन बसल्या. आधी साडू एकटेच चाचणीला निघाले. शीड फुगलं, ते ऐटीत ताठ बसले, नाव उजवीकडे वळली आणि खळ्यावरच्या बैलासारखी वळतच राहिली. एक म्हातारा मासेमार काठावरून ओरडला, "ओ मिस्त्री, तळं नांगरायलाव व्हय?"

नाव वर ओढून साडूंनी पात्यावरून हात फिरवला. माती एका अंगाला पडावी म्हणून नांगराला पीळ देतात. जन्मभर तो पीळ देत आलेल्या हातांनी इथंही तो नकळत दिला होता. धपाटी आम्ही तिथंच खाल्ली. आक्का तेवढ्या खाईनात.

"अहो, सरळ व्हईल का ते?" त्यांनी विचारलं.

"व्हईल. हातच नांगराचा हाय, त्याला जरा येळ लागंल."

त्या दिवशी मला साडूंची फार माया वाटली.

त्यांनी पातं पुन्हा तापवलं आणि ओळंबा लावून लावून सरळ केलं. पुन्हा एकट्यानं चाचणी घेतली आणि मगच आक्कांना नावेत बसवलं. नाव निघाली ती थेट पलीकडे. आक्कांच्या फोनवरून सासूबाई बोलल्या, "जावईबापू, लेक आली बगा. कुटं धक्का बसला न्हाय तिला."

आता वारा बरा असला की दोघं जातात. सासूबाई थकल्यात. अशा किती फेऱ्या होतील, ते कुणी विचारत नाही. नाव निघाली की मी काठावर उभा राहतो, आणि पलीकडे शीड उतरेपर्यंत मला घरी जावंसं वाटत नाही.