रविवारी चढणारा भाव

त्या गुन्ह्याचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही. आरोपी समोर बसला होता आणि त्याने नेमकं काय केलं, हे मलाच धड कळत नव्हतं.

साताऱ्यात पोलीस निरीक्षक म्हणून माझी ती शेवटची नेमणूक. एका शुक्रवारी सकाळची हजेरी आटोपते तोच एक बाई आल्या. त्यांचे यजमान लष्करातून निवृत्त झालेले हवालदार.

"आवं साहेब, मालक धड जेवत न्हाईत. दिसभर मोबाईल बघत बसत्यात. समदी पुंजी माधवनगरच्या एका पोराकडं घातलीया. पलटणीतल्या दोस्तांनी बी घातलीया."

"कशात?"

"ईटीएफ म्हणत्यात. त्या पोरानं मोबाईलात ॲप टाकून दिलंय, त्यात भाव दिसतुय."

मी नाव ऐकलं होतं, एवढंच. बाजारात तोटा होणं हा गुन्हा नाही. मग कलम कोणतं लावायचं? आमच्या उपनिरीक्षक बाई वाणिज्य शाखेच्या. त्यांना बोलावलं.

"सर, म्युच्युअल फंड आणि ईटीएफ, दोन्ही म्हणजे बऱ्याच शेअर्सची एक टोपली. साध्या फंडाचा भाव दिवसातून एकदाच ठरतो, बाजार बंद झाल्यावर. त्यात बहुतेक वेळा शेअर निवडायला व्यवस्थापक असतो, त्याचा खर्च आपल्यावर पडतो. ईटीएफ बहुधा सेन्सेक्स-निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या मागे चालतो, म्हणून खर्च कमी. तो शेअरसारखा बाजारातच घ्यायचा. बाजार चालू असेपर्यंत भाव हलत राहतो. युनिट, म्हणजे टोपलीतले आपले हिस्से, आपल्या नावाच्या डिमॅट खात्यात जमा होतात, बँकेत पैसे होतात तसे."

"ठरलेला परतावा?"

"दोन्हींत नाही, सर."

हवालदारांच्या बायको मधेच म्हणाल्या, "मग रविवारी कसा भाव चढतुय? गेल्या रविवारी मालकांनी गल्लीत पेढं वाटलं की!"

मी कोरा कागद पुढे ओढला. रविवारी बाजार बंद असतो.

पैसे ज्यातून गेले ते बँक खातं नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं, म्हणून फिर्याद बाईंचीच घेतली. स्टेशन डायरीला नोंद करून पथक सांगलीजवळच्या माधवनगरला रवाना केलं. शनिवारी आरोपी माझ्यासमोर होता. तिशीचा, नम्र, बोलण्यात पक्का. निर्देशांक, टोपली, तरलता, एकही शब्द चुकत नव्हता. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. त्याचा एखादा साथीदार बाहेर असला तर लोकांचे पैसे जमा झालेलं खातं रिकामं व्हायला कितीसा वेळ? पण मी त्याला बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला थांबवलं की तो सावध होतो.

मग विचारलं, "युनिट कुणाच्या डिमॅट खात्यात आहेत?"

तो पुन्हा निर्देशांकाबद्दल सांगू लागला.

"आणि रविवारी भाव कोण चढवतं?"

त्याने पाणी मागितलं. घोटभर पिऊन म्हणाला, "ॲपमधले आकडे मीच भरायचो, साहेब. कुणी पैसे काढायला निघालं की जरा जास्त भरायचो. युनिट कधी घेतलेच नाहीत."

अटक झाली, खाती गोठवली. पण बाकीचे गुंतवणूकदार पुढे येईनात, आणि त्यांच्या जबाबाशिवाय खटला लंगडा. सोमवारी सकाळी खुद्द हवालदार आले, तेही तावातावाने.

"चांगल्या पोराला आत घातलं तुमी! पैसं वाढत्यात की, ह्ये बघा!"

मी वाद घातला नाही. चहा मागवला. उपनिरीक्षक बाईंनी आपल्या मोबाईलवर खऱ्या ईटीएफचा भाव लावून त्यांच्या शेजारी ठेवला. बाजार उघडला. बाईंच्या मोबाईलवरचा आकडा खालीवर होऊ लागला. हवालदारांचा जागचा हलेना.

"नेट गेलं आसंल," म्हणत ते आवारात गेले, मोबाईल उंच धरून फिरले आणि परत आले. बराच वेळ बघत बसले. मग हळूच म्हणाले, "आकडा भरणारा तुमच्याकडं हाय, व्हय?"

"होय."

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "माज्या शब्दावर दोस्तांनी पैसं घातलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्या दारात?"

तरी ते गेले. एकाने शिव्या घातल्या, एकाने दार लावून घेतलं. पण एकेक करून माणसं जबाब द्यायला येऊ लागली. गोठवलेल्या खात्यातला काही पैसा पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाला. बाकीचा बुडाला तो बुडालाच.

फसतो तो लोभीच असतो, असं मी नोकरीभर मानत आलो. हवालदार लोभी नव्हते. आपलं भलं होतंय तर दोस्तांचंही व्हावं, एवढंच त्यांना वाटलं. ठग आपला माल अशाच माणसांच्या तोंडून विकतो, आणि नाव मात्र खऱ्या वस्तूचं घेतो. म्हणून मी सांगतो, किती मिळेल हे मागाहून विचारा. घेतलेलं आपल्या नावावर जमा झालं का, ते आधी स्वतः तपासा.

दार लावून घेणारा दोस्त सगळ्यात शेवटी आला. जबाबावर सही करून तो उठला. हवालदार बाहेर बाकावर मान खाली घालून बसले होते. तो त्यांच्यापाशी थांबला.

"ऊठ गड्या," तो म्हणाला, "आपली एसटी चुकंल."