इश्पेर म्हणजे थांबा

शेजारच्या सुशीलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी चिंचोळीला, कंपनीच्या ऑफिसात होते. त्या नुसत्याच रडत होत्या. मी खुर्चीतून उठले आणि विचारलं, "सापडले का?" तिकडून आवाज आला, "न्हाय गं मीना... ताई गेल्या. जेवायला हाका मारल्या, उठंनातच की." त्या क्षणीही माझ्या डोक्यात अनिलच होते. अनिल म्हणजे माझे मिस्टर, आणि सुनंदाताई त्यांची थोरली बहीण.

आई-वडील लवकर गेले, तेव्हा अनिलना ताईंनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. एका ज्युनिअर कॉलेजात त्या फ्रेंच शिकवायच्या. सोलापुरात फ्रेंच कुणाला हवंय, म्हणून लोक हसायचे. मार्क चांगले पडतात म्हणून पोरं यायची आणि ताईंच्या नादानं भाषेत रमायची. अनिल एजंटामार्फत पोर्तुगालला शेतातल्या कामावर गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. एका रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. एजंटाचा नंबर बंद लागायला लागला. तिकडं त्यांच्यासोबत खोलीत राहणाऱ्या पोरांनी एवढंच सांगितलं, की दुसरीकडं काम मिळालं म्हणून बॅग घेऊन गेला... कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथं पोलिसांत तक्रार दिली, दूतावासाला कळवलं. शेवटी हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या तिकडच्या एका ऑफिसचा नंबर मिळाला. आपली दुपारची जेवणं झाली की तिकडं ऑफिस उघडतं, तेव्हा ताई फोन लावायच्या. पहिल्या दिवशी ताईंनी इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जमेल तसं सांगितलं. पलीकडची बाई काहीतरी म्हणाली आणि ताईंचा चेहरा उजळला. "मीना, ती इश्पेर म्हणाली. आशा ठेवा म्हणतीये गं!" फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा तेवढाच अर्थ. आम्ही दोघी रडलो. संध्याकाळी मी शिरा केला.

मग ताई मोबाईलवर पोर्तुगीज शिकायला लागल्या. एकदा भाजी निवडता निवडता मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, ती थांबा म्हणत होती. फोन धरून ठेवा, एवढंच." त्या वर्गात सांगतात तसं सांगत राहिल्या, की या सगळ्या भाषा एका आईच्या लेकी. फ्रेंच आणि इटालियनमध्ये तो शब्द नुसता आशेचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये आशा करणं आणि वाट बघणं, दोन्हीला तोच.

"मग आपल्या वाट्याला कुठला?" मी विचारलं.

"आपल्या वाट्याला थांबणं आलंय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडं वळल्या.

एका दुपारी पलीकडून सांगितलं, नवीन काही कळल्याशिवाय आता पुढं शोध होणार नाही. एरवी एकेक शब्द जुळवून बोलणाऱ्या ताईंचं सगळं व्याकरण त्या दिवशी सुटलं. "इश्पेर! इश्पेर!" त्या ओरडतच राहिल्या. फोन केव्हाच कट झाला होता. मी त्यांच्या मुठीतून मोबाईल सोडवून घेतला. त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं ते तुटलंच. बीपीची रोजची औषधं समोर ठेवली तरी तशीच राहायची.

ताई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला त्यांचे विद्यार्थी आले होते. "मॅडम सुटल्या," कुणीतरी म्हणालं. मला तिथं बसवेना.

परवा सुट्टी होती. जेवण झाल्यावर मीच तो नंबर लावला. मला त्यांची भाषा येत नाही. "अनिल, इंडिया, अनिल," एवढंच म्हणत राहिले. पलीकडं तीच बाई होती, ताईंच्या स्पीकरवर ऐकून आवाज ओळखीचा झालेला. जरा वेळानं तिनं विचारलं, "सुनंदा?"

तिला नाव पाठ होतं...

माणूस गेलं, हे त्या भाषेत कसं म्हणतात? ताईंनी तो शब्द घरात कधी उच्चारला नव्हता, कुठल्याच भाषेत. मी मराठीतच म्हणाले, "ताई वारल्या हो." तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. मला कळलं नाही.

"सुनंदाताई वारल्या," मी म्हणाले. "आता मी एकटीच आहे."