खोट्या जिन्याच्या बारा पायऱ्या

गुरुवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. चलाबाईंनी सात नंबर बेडच्या आजींना पलंगाच्या कडेला बसवलं होतं. आजींच्या कमरेला रुंद कापडी पट्टा बांधून झाला होता. तो पट्टा मागून उजव्या हाताने धरावा की डाव्या, एवढाच प्रश्न होता. उजव्या हाताची तीन बोटं पहाटेपासून बधिर होती. त्यांनी डावा हात लावला आणि म्हणाल्या, "चला."

दिवसातून दोनशे वेळा तरी त्या हा शब्द म्हणतात. नाव त्यावरूनच पडलं. कागदोपत्री त्या 'व्यायाम सहायक' आहेत. वय एक्कावन्न, नोकरी एकोणीस वर्षं.

पुनर्वसन केंद्र चौदा बेडचं आहे. त्यात निम्मे मोडलेले आणि निम्मे थकलेले, असं चलाबाई सांगतात. मोडलेले म्हणजे खुबा, गुडघा नाहीतर अर्धांगाचा झटका. त्यांना एकवीस दिवसांत चालतं करून घरी धाडायचं. थकलेले मात्र बेडवर नसतातच. ते घरी असतात. त्यांचं म्हातारं माणूस इथे चौदा दिवस ठेवून घेतात, तेवढाच घरच्यांना विसावा. कुठला बेड कोणाला हे ठरलेलं नाही. रिकामा होईल तो यादीतल्या पुढच्याला.

विसावा मिळवायचा तर थकव्याचा दाखला लागतो. काळजी घेणाऱ्या माणसाने स्वतः सरकारी डॉक्टरांपुढे सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान उभं राहून आपण थकलो आहोत हे पटवायचं. त्या दोन तासांत घरच्या म्हाताऱ्या माणसाकडे कोणी बघायचं, याला अर्जात रकाना नाही. ज्याला त्या वेळात घराबाहेर पडता येतं तो फारसा थकलेला नसावा, आणि जो खरा थकलेला आहे त्याला पडता येत नाही, अशी ही चोख व्यवस्था आहे.

चलाबाईंना तो दाखला तिसऱ्या खेपेला मिळाला. घरी त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, पण अंथरुणापासून लांबही नाहीत. दिवसातून पाच वेळा त्यांना उचलून बसवावं लागतं. नवरा महिन्यातले बावीस दिवस ट्रकवर. चलाबाई केंद्रात असतात तेव्हा शेजारीण दोनदा डोकावते. दिवसभर इथे चौदा जणांना उठवायचं, मग घरी जाऊन पंधराव्याला. त्यातून मनगटाची नस दबली. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. आता तारीख येत्या सोमवारची होती, आणि ही चुकली तर नाव पुन्हा रांगेच्या शेवटी. ऑपरेशननंतर दोन आठवडे हात गळ्यात. एका हाताने सासूबाई उचलल्या जात नाहीत. ते त्यांनी करून पाहिलं होतं.

म्हणजे शुक्रवारी एक बेड रिकामा व्हायला हवा होता. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना झुकतं माप दिलं असं कोणाला वाटू नये, म्हणून केंद्र त्यांची नावं यादीच्या तळाला घालतं. सोळा महिन्यांत सासूबाई तळापासून पहिल्या नंबरावर आल्या होत्या. त्या आठवड्यात मोकळा होऊ शकेल असा एकच बेड होता: नऊ नंबर. कोण राहतं, कोण जातं याचा निर्णय गुरुवारी दुपारी बाराला होतो. त्यानंतरचं सगळं पुढच्या गुरुवारी.

नऊ नंबरवर लिफ्टवाले होते. वय शहात्तर, लिफ्ट दुरुस्तीत एक्केचाळीस वर्षं, बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. आज त्यांचा एकवीसपैकी विसावा दिवस. काठी घेऊन ते सगळा कॉरिडॉर दोनदा फिरायचे, स्वतः आंघोळ करायचे, आठ नंबरवाल्यांच्या रेडिओचं बटणही त्यांनीच नीट करून दिलं होतं. घरी जायच्या फॉर्मवर त्यांच्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. एक सोडून. 'सराव जिना: १२ पायऱ्या.'

सराव जिना व्यायामाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. चार लाकडी पायऱ्या, वर सव्वा हाताची फळी, समोर भिंत. चढायचं, भिंतीकडे बघायचं, वळून उतरायचं. असं तीनदा केलं की बारा.

लिफ्टवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, हा जिना कुठे जातो?"

"कुठेच नाही. सरावाचा आहे, काका."

"जो कुठे जात नाही त्याला जिना नाही म्हणत. स्टूल म्हणतात."

"बरं, स्टूल तर स्टूल. चला."

"लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून एक्केचाळीस वर्षं घालवली मी. आणि आता तुमच्या स्टुलावर चढून दाखवू? माझ्या घरी लिफ्ट आहे. ती मी बसवलेली आहे."

घरी लिफ्ट असल्याचा रकाना फॉर्मवर नव्हता. चलाबाईंनी गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. खरं कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही. प्रतीक्षा यादीतल्या गोष्टी रुग्णांशी बोलायच्या नाहीत असा नियम आहे, आणि बाई नियम पाळणाऱ्यांतल्या आहेत. फॉर्मवर नुसती खूण करणं त्यांच्या हातात होतं, अगदी शब्दशः. ती त्यांनी केली नव्हती.

दहा वाजता लिफ्टवाल्यांचा मुलगा आला. माणूस वाईट नव्हता. वडील नाहीत तोवर त्यांची खोली रंगवून घ्यावी म्हणून त्याने काम काढलं, दोन भिंती झाल्या, आणि रंगारी चार दिवसांपासून फोन उचलत नव्हता. वडिलांचा पलंग उभा करून गॅलरीत ठेवलेला होता. हे वडिलांना सांगण्यापेक्षा मुदत वाढवून घेणं सोपं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"बाबा, घाई कशाला? अजून तीन आठवडे राहा. जिना जमत नाहीये ना तुम्हाला."

"जमत नाही कोण म्हणालं? चढत नाही म्हणालो मी."

"फॉर्मवर 'जमत नाही' आणि 'चढत नाही' एकच आहे हो," समन्वयक बाई म्हणाल्या. या केंद्राच्या प्रमुख, वयाने चौतीस. 'काळजी घेणाऱ्यांची काळजी' या विषयावर त्या छान बोलतात. मागच्या महिन्यात त्यांनी घेतलेल्या शिबिराला सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण काळजी घेणारे काळजी घेत होते. "चला, वर ऑफिसात मुदतवाढीची सही करून टाकू. मावशी, तुमचं चालू द्या."

चलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा वीस.

ऑफिस पहिल्या मजल्यावर, अठरा पायऱ्यांवर. समन्वयक बाई आणि मुलगा लिफ्टने निघाले. लिफ्टच्या दारावर 'हालचाल हेच औषध' असा फलक आहे. दार मिटलं, घरघर झाली, आणि मध्येच थांबली. मग आतून दारावर थापा ऐकू आल्या.

लिफ्टवाल्यांनी डोळे मिटले. कोणी गाणं ऐकावं तसे ते ऐकत होते.

"मोटर ठीक आहे," ते म्हणाले. "वरचं दार सुटलंय. कॉन्टॅक्ट तुटला की ती जागच्या जागी थांबते. बरोबरच आहे तिचं. वर कोणी काही टेकवलंय का दाराला?"

"कपड्यांची गाडी असते तिथे."

"घ्या! दाराला गाडी लावतात." त्यांनी काठी उचलली.

"सांगा कुठे दाबायचं, मी जाऊन येते."

"तुम्हाला नाही कळायचं. नुसतं लोटून होत नाही, खटका बसला पाहिजे."

चलाबाईंना नक्की कळलं असतं. गाडी सरकवून दार घट्ट ओढायचं, एवढंच ते काम. त्या वर गेल्या असत्या तर मिनिटभरात झालं असतं. त्या गेल्या नाहीत. त्यांनी पट्टा आणला, लिफ्टवाल्यांच्या कमरेला बांधला आणि एक पायरी मागे उभ्या राहिल्या. 'चला' म्हणायची वेळ आलीच नाही. ते निघाले होते.

डावा हात कठड्यावर, काठी उजव्या हातात, आधी चांगला पाय, मग मोडलेला. सातव्या पायरीवर थांबून त्यांनी आतल्या मंडळींना हाक मारली, "कोणी बटणं दाबू नका रे! मी येतोय!"

"बाबा?" लिफ्टमधून आवाज आला. "बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"जिन्यात!"

आतल्या थापा बंद झाल्या.

अठरा पायऱ्यांना सहा मिनिटं लागली. वर पोचल्यावर लिफ्टवाल्यांनी गाडीला काठीने बाजूला सारलं, दार उघडून पुन्हा लावलं, खटका ऐकला, मान हलवली. लिफ्ट वर आली. समन्वयक बाई घामेजलेल्या होत्या. मुलाने वडिलांकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग पुन्हा वडिलांकडे.

"कुलपाचं स्प्रिंग गेलंय," वडील म्हणाले. "शेवटची तपासणी कधी केली होती हिची?"

समन्वयक बाई एकदम कामाला लागल्या. "अभिनंदन हं काका! अठरा चढलात. बारा त्यातच आल्या. मावशी, लिहून टाका: सराव जिना, बारा."

"मुख्य जिना, अठरा, असं लिहू का?"

"तसं नका लिहू. रुग्ण मुख्य जिन्यावर का गेला ते लिहावं लागेल. मग लिफ्टचं लिहावं लागेल." लिफ्टची तपासणी दोन महिन्यांपूर्वी व्हायला हवी होती, हे त्या बोलल्या नाहीत. "सराव जिना लिहा. सगळ्यांचं भलं."

फॉर्मवर रुग्णाचीही सही लागते. लिफ्टवाल्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि पेन परत केलं.

"त्या स्टुलावर मी पाय ठेवलेला नाही. मी लिफ्टच्या रजिस्टरात एक्केचाळीस वर्षांत खोटी सही केली नाही. जे झालं ते लिहा, करतो सही."

"बाबा, अहो, सही करा आणि घरी चला," मुलगा म्हणाला. आता तोच घाईवर आला होता. ज्याला अठरा पायऱ्या चढताना ऐकलं त्या माणसाला जमत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

"खोटं लिहिलेल्या कागदावर मी घरी जाणार नाही."

समन्वयक बाईंना खरं लिहिता येत नव्हतं, लिफ्टवाल्यांना खोटं चालत नव्हतं. सव्वाअकरा झाले. समन्वयक बाई फोन घ्यायला आत गेल्या, मुलगा रंगाऱ्याला फोन लावायला गॅलरीत गेला. कॉरिडॉरमध्ये दोघंच उरले. चलाबाई पट्टा सोडत होत्या आणि बक्कल बोटांतून निसटत होतं.

"हाताला काय झालंय?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"नस दबलीय. सोमवारी ऑपरेशन आहे."

"मग मला एवढं हाकलताय कशाला? आराम करा की."

चलाबाईंनी बक्कल एकदाचं सोडवलं. मग त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला.

"तुम्ही गेलात की तो बेड माझ्या सासूबाईंना मिळतो. त्या इथे आल्या तरच मला ऑपरेशन करून घेता येतं. बाराच्या आत ठरलं नाही तर नाही."

लिफ्टवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या शिकाऊ कारागिराकडे पाहावं.

"वीस दिवस! वीस दिवस माझ्याशी स्टूल स्टूल खेळलात, आणि हे आत्ता सांगताय? पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर पहिल्या दिवशी चढलो असतो."

"पहिल्या दिवशी तुमचं हाड मोडलेलं होतं, काका."

"मग आठव्या दिवशी. कुठेय तो तुमचा जिना?"

खाली जाताना ते लिफ्टने गेले. तत्त्व म्हणजे तत्त्व. व्यायामाच्या खोलीत ते चार पायऱ्या चढले, भिंतीकडे पाहिलं, उतरले. दुसऱ्यांदा चढताना म्हणाले, "भिंतीला तडा गेलाय." तिसऱ्यांदा उतरल्यावर म्हणाले, "बारा पायऱ्या चढून कुठे आलो? होतो तिथेच. लिहा."

चलाबाईंनी खूण केली आणि वेळ टाकली: अकरा सदतीस. सही लिफ्टवाल्यांनी स्वतः वाचून केली. अठरा पायऱ्यांची नोंद कुठेही नाही. समन्वयक बाईंनी दुपारी एक सूचना लावली: कपड्यांची गाडी लिफ्टच्या दाराला टेकवू नये.

बारा वाजता नऊ नंबर मोकळा करायचं ठरलं. बारा दहाला केंद्राच्या फोनवरून चलाबाईंच्या मोबाइलवर फोन आला. यादीतल्या पहिल्या नंबराला रीतसर कळवावं लागतं. चलाबाई तेव्हा केंद्राच्या त्या फोनपासून चार हातांवर उभ्या होत्या. "बेड उपलब्ध आहे, आपण स्वीकारता का?" असं त्यांना विचारण्यात आलं. "हो," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवून बारा नंबरच्या आजोबांना चालवायला गेल्या.

शुक्रवारचा कामाचा तक्ता संध्याकाळी भिंतीवर लागला. अकरा वाजता नऊ नंबर घरी. दोन वाजता नऊ नंबरवर नवीन रुग्ण, महिला, वय त्र्याऐंशी, चौदा दिवस. येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्याच दिवशी चाचणी होते, मग तो मोडलेल्यांतला असो की थकलेल्यांच्या घरचा. सव्वातीन वाजता नऊ नंबर, सराव जिना, बारा पायऱ्या. सहायकाच्या रकान्यात नाव चलाबाईंचं आहे. त्यांची रजा सोमवारपासून सुरू होते.