विहिरीतला मका

आमच्या आत्याला सगळं गाव ‘डब्याची आत्या’ म्हणतं. तिच्या शेताच्या बरोबर मधोमध विहीर आहे आणि गेली चाळीस वर्षं गावातली पोरं त्या विहिरीत पोहायला शिकली, ती पाठीला तिचा रिकामा पत्र्याचा डबा बांधून. शिकवण्याची पद्धत सोपी. डबा घट्ट बांधायचा, पोराला पाण्यात ढकलायचं आणि पायरीवर बसून ओरडायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी ती गुपचूप डबा सोडून घ्यायची. पोराच्या लक्षात येईपर्यंत ते विहिरीच्या मध्यावर पोचलेलं असायचं. मीही असाच शिकलो. आता मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो, तिचा पंपही मीच बघतो, तेव्हा हे जे सांगतोय ते ऐकीव नाही.

एकच पोर तिच्याकडून शिकलं नाही. डब्याच्या दोरीला कुणी हात लावला की ते असं बोंबलायचं की शेजारच्या शेतातली माणसं धावत यायची. आत्याने त्याचं नाव ठेवलं चिकट्या. हा चिकट्या मोठा होऊन जमीन कार्यालयात कारकून झाला आणि नशीब बघा, आमच्याच गावाचे कागद त्याच्या टेबलावर आले.

आत्याचा नवरा लवकर गेला. तेव्हापासून तीन एकर ती एकटीने करते. सकाळी तण काढायच्या कोळप्याचा दांडा हातात आला की दुपारपर्यंत खाली ठेवत नाही. कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही आणि समजला नाही तर समोरच्याला वाचायला लावते. अशा बाईला कागदाने छळावं, हे माझ्या अजून पचनी पडत नाही.

तीन वर्षांपूर्वी फर्मान निघालं. प्रत्येकाने आपल्या पिकाची नोंद फोनवर करायची. शेताच्या मध्यबिंदूपासून दहा फुटांच्या आत उभं राहायचं आणि आपला चेहरा आणि पीक एकाच फोटोत दाखवायचं. नकाशावर तो मध्यबिंदू कार्यालयानेच ठरवलेला. आत्याच्या शेताचा मध्यबिंदू पडला विहिरीत, काठापासून पंधरा फूट आत.

पहिल्या वर्षी ती काठावर उभी राहिली. मागे डोक्याएवढा मका. फोन म्हणाला, ‘आपण आपल्या शेतात नाही.’

“मग काय तुझ्या बापाच्या शेतात उभी आहे?” आत्याने फोनलाच विचारलं.

चिकट्या म्हणाला, “आत्या, मध्यबिंदू बदलून मिळतो. अर्ज करा.” अर्ज केला. दोन महिन्यांनी परत आला. सोबत मागच्या हंगामाची पीकनोंद जोडा म्हणे. नोंद असती तर अर्ज कशाला केला असता? पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असला हा प्रकार.

दुसऱ्या वर्षी मी शक्कल लढवली. फोन लांब बांबूला बांधून विहिरीवर धरला. जागा बरोबर आली, फोटोत मात्र बांबूचं टोक आणि आभाळ. चेहरा नाही म्हणून नोंद रद्द. मी कपाळावर हात मारून घेतला.

तर कागदावर दोन वर्षं शेत पडीक. आत्याने त्याच शेतातला मका त्याच दोन वर्षांत पोती भरभरून बाजारात नेला, पण ते कुणी मोजत नाही. तिसऱ्या वर्षी नोटीस आली. या हंगामात पीक दिसलं नाही, तर जमीन पडीक यादीत जाईल आणि सरकार ती झाडं लावायला दुसऱ्याच्या ताब्यात देईल. मुदत महिनाअखेर. आत्याने नोटीस दोनदा वाचली, मग घडी करून कंबरेला खोचली आणि मला म्हणाली, “चल.”

कार्यालयात मोठे साहेब होते. त्यांनी पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं. तिथे हिरव्या चौकोनात लाल ठिपका होता.

“साहेब, तिथं विहीर आहे,” आत्या म्हणाली. “एकदा येऊन बघा तरी.”

“बाई, मला बघायचा अधिकार नाही. तपासायचा आहे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याने माझा हात दाबून धरला. साहेबांनी पुढचा नियम सांगितला. दोन वर्षं पडीक दिसलेल्या शेतात शेतकऱ्याचा चेहरा चालत नाही. कारकुनाने स्वतः मध्यबिंदूवर जाऊन फोटो काढायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर चिकट्याने मान खाली घातली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, तो इस्त्रीचा शर्ट घालून शेतावर आला. काठावर उभा राहून बराच वेळ फोन इकडेतिकडे फिरवला. मग म्हणाला, “आत्या, मला पोहता येत नाही.”

“माहीत आहे. मीच शिकवत होते.”

ती घरात गेली आणि तोच डबा घेऊन आली. एका कडेला गंजलेला, मी दोनदा डाग देऊन बुजवलेला. बेचाळीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापाने शर्ट-पँट काढून नीट घडी घातली. गळ्यातलं ओळखपत्र काढायला मात्र तयार होईना. फोटोत दिसलं पाहिजे म्हणे! आत्याने त्याच्या पाठीला डबा बांधला. मी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या उजव्या हातात दिला, डाव्या हातात मुळासकट उपटलेलं मक्याचं ताट.

“आत्या, दोरी सोडणार नाही ना?”

“मला आधी माझी जमीन सोडायची नाहीये. उतर.”

आणि ढकललाच तिने. तो पाय मारत, पाणी पीत, मका आभाळात धरून मधोमध पोचला. फोन म्हणाला, ‘आपण योग्य ठिकाणी आहात. कृपया स्थिर उभे राहा.’ खाली तीस फूट पाणी! मी हसून हसून खाली बसलो, आणि हसतानाच मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एका म्हातारीला स्वतःचं शेत स्वतःचं ठेवायला हे करावं लागावं?

फोटो मात्र पास झाला. ‘पीक: मका. स्थिती: उत्तम.’ सभोवतालच्या तीन एकरांतलं एक पानसुद्धा त्या फोटोत नव्हतं. जमीन वाचली. आत्याने त्या दिवशी चिकट्याला जेवू घातलं आणि त्याचं ओळखपत्र वाळत टाकलं.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला, हातात कागद. शेताच्या मधोमध मका उगवतो, म्हणजे तिथे विहीर नाही, असं कार्यालयाने ठरवलं होतं. विहीरच नाही तर पंप कशाला? पंपाची वीज आठ दिवसांत तोडणार. कणसांत दाणा भरायची वेळ होती. आठवडाभर पाणी चुकलं असतं तर नुसता पाला हाती लागला असता, आणि पुढच्या नोंदीत शेत पुन्हा पडीक. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मला वाटलं, आत्या आता त्याला फाडून खाईल. ती ओरडली नाही. विहिरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “मी थकले रे.” तिच्या तोंडून हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. मला भीती वाटली.

चिकट्याने तोंड उघडलं. आता हा ‘अर्ज करा’ म्हणाला असता, तर देवाशपथ, मी त्याला डब्याशिवाय विहिरीत टाकला असता. पण त्याने खिशातलं पेन काढलं, कागद उलटा करून काठाच्या दगडावर ठेवला आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं.

“सदर ठिकाणी विहीर आहे. फोटो काढताना मी स्वतः विहिरीत होतो. मका माझ्या हातात होता. शेतात उभं पीक आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोंद चुकीची असून ती मी केली आहे.”

खाली सही केली, तारीख घातली. “कारकुनाने लेखी हरकत घेतली की चौकशी होईपर्यंत वीज तोडता येत नाही,” तो म्हणाला. “आणि चौकशीला साहेबांना इथं यावंच लागतं. तोही नियमच आहे.”

आत्याने कागद घेतला. सवयीप्रमाणे दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. “हे वाक्य कशाला घातलंस? तुझ्यावरच येईल ना?”

“त्याच्याशिवाय बाकीचं खरं कोण मानणार?” त्याचा आवाज लहानपणी दोरीला हात लागल्यावर व्हायचा तसाच झाला होता. “आत्या, नोकरी गेली तर?”

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, पंपाची खटकी वर केली. पाणी पाटाला लागलेलं बघितलं, मग त्याच्याकडे वळली.

“गेली तर इथं ये. माझे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नाहीत, पोरांना शिकवायला माणूस हवाय. पण आधी तुला शिकावं लागेल. उद्या सकाळी ये, कपडे घेऊन. डबा बांधायचा नाही.”