दाबून धरलेला ठसका

आई हल्ली माझ्याकडे जालन्याला असते. परवा दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टीव्हीवर एक सिनेमा बघत बसलो. त्यात एक एकटी पोर असते. आईनं आपल्याकडे बघावं म्हणून ती नाही नाही ते उद्योग करते. स्वतःचे केस कापते, तापाचं सोंग घेते, आणि असं करत करत मोठी होते. मला त्यात नवल वाटलं नाही. या विषयात मी चांगली मुरलेली आहे.

आष्टीला आमची पिठाची गिरणी होती. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. गिरणी आईच चालवायची. पट्टा फिरायला लागला की हाक मारून उपयोग नसायचा. आई हातानंच सांगायची, थांब, जा, जेवून घे. बाजाराच्या दिवशी तर तिचा तेवढा हातही मोकळा नसायचा.

मला एकच उपाय सापडला होता. अंग दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचं. मग आई गिरणी बंद करायची आणि मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढायची. मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं सगळे मानायचे. पण उन्हाळाभर तिखट दळून आईचं नाक पार मेलेलं. तिला कुठला ठसका लागतोय! म्हणून ती मलाच विचारायची, "ठसका लागून राह्यला का गं?"

मी श्वास रोखून नुसती 'नाही' अशी मान हलवायची. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"लई जबर लागलीय मंग," म्हणत ती मला मांडीवर घ्यायची आणि पिठाच्या हातानं केस कुरवाळायची. बाहेर दळणाचे डबे घेऊन बायका खोळंबायच्या. खोळंबेनात का! तेवढा वेळ आई माझी असायची.

एकदा मात्र ठसका नाही आवरला. खोकून खोकून मी दुमडले. आईचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"दृष्ट न्हाई लागली बग. ऊठ, खेळ जा," म्हणाली आणि जाऊन तिनं पट्टा चालू केला. पोर बरी आहे म्हणून तिला आनंदच झाला होता. त्यानंतर मी आजारी पडणं सोडून दिलं. गुणी पोर म्हणून नाव झालं, आणि कुणाला माझी काळजी उरली नाही.

सिनेमातली पोर शेवटी दारात उभी राहून आईकडे बघत राहते. माझी आई चिडली.

"काय बाई आई हाय ही! लेकरू एवढं बघून राह्यलं, आन् हिला दिसंना."

"कामात असंल," मी म्हणाले.

"काम कुणाला न्हाई? मला काय कमी व्हतं? पण तुझ्याकडं कधी दुर्लक्ष झालं का?"

"न्हाई," मी म्हणाले. राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही.